गंगाधरपंतांची मुंबई : विज्ञानकथेमागचा लेखक आणि समाज

व्हिक्टोरिया टर्मिनसमधून बाहेर पडल्यावर समोर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुख्यालयाची भव्य इमारत दिसते. हॉर्नबी रोडवर विलायती दुकाने आणि बँका ओळीने उभ्या आहेत. लोकलच्या डब्यांवर ब्रिटिशांचा छोटा युनियन जॅक रंगवलेला आहे. मुंबई हे या उपखंडातील ब्रिटिशांचे एकमेव ठाणे असून तेही भाडेपट्ट्यावर आहे आणि हा पट्टा २००१ साली संपणार आहे. उर्वरित हिंदुस्थान मात्र कधीच पारतंत्र्यात गेलेला नाही.

डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील ही मुंबई आहे. ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले आणि देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या खगोलशास्त्रीय कार्याबरोबरच या कथांचेही स्मरण झाले. विज्ञानकथा म्हणजे परग्रह, यंत्रमानव आणि दूरचे भविष्य, अशी समजूत आजही आढळते. त्यामुळे तिचा लेखकाच्या आयुष्याशी किंवा भोवतालच्या समाजाशी काय संबंध, असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ही एकच कथा घेऊन तो विचारला, तर उत्तरे फोर्टपासून गिरगावपर्यंत आणि दादरपासून लालबागपर्यंत विखुरलेली सापडतात.

कथा काय सांगते?

प्रा. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासकार. पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर इतिहासाला कोणते वळण लागले असते, या विचारात गढलेले असतानाच त्यांची एका ट्रकशी टक्कर होते आणि ते एका वेगळ्या वास्तवात जाऊन पोहोचतात. या दुसऱ्या जगात ते जिजामाता एक्स्प्रेसने पुण्याहून मुंबईला येतात. वाटेत ‘सरहद्द’ नावाच्या स्थानकावर परवान्यांची तपासणी होते, कारण तेथून ब्रिटिशांची हद्द सुरू होते. मुंबईत पोहोचल्यावर आपला मुलगा ज्या कचेरीत असायला हवा तेथे ते चौकशी करतात, पण त्या नावाचा कोणी माणूसच तेथे नसतो. मग इतिहासकाराला शोभेल असाच मार्ग ते धरतात. टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाची पुस्तके उघडतात.

तेथे त्यांना उलगडा होतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर नानासाहेब पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले, हा आपला इतिहास. त्या दुसऱ्या जगात तीच गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते, सैन्याचे मनोधैर्य टिकते आणि लढाई मराठे जिंकतात. पुढे पेशवे दिल्लीचा बादशहा नामधारी ठेवून कारभार चालवतात, युरोपातील विज्ञान-तंत्रज्ञानाचे महत्त्व वेळीच ओळखतात आणि विसाव्या शतकात देश लोकशाहीकडे वळतो. संध्याकाळी गंगाधरपंत आझाद मैदानावर येतात. तेथे व्याख्यान चालू असते, पण व्यासपीठावरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते. ती पाहून त्यांना राहवत नाही आणि ते जाऊन तीवर बसतात. श्रोते खवळतात, कारण त्या जगात सभेला अध्यक्ष असण्याची प्रथा केव्हाच मोडीत निघालेली असते. गर्दी त्यांच्यावर धावून जाते आणि गंगाधरपंत आपल्या जगात परततात. पुढे त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना या अनुभवाचे शास्त्रीय स्पष्टीकरण देतात.

त्या काळचे विज्ञान

कथेतील स्पष्टीकरणाला दोन आधार आहेत. पहिला आधार आकस्मिक बदलांच्या गणिती सिद्धांताचा, म्हणजेच ‘कॅटास्ट्रॉफी थिअरी’चा. परिस्थितीत अगदी किरकोळ फरक पडला तरी परिणामात मोठी उडी येऊ शकते, हे या सिद्धांताचे सूत्र. फ्रेंच गणितज्ञ रने थॉम यांचा या विषयावरील ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला आणि त्या दशकात जगभरच्या विद्वानांमध्ये हा सिद्धांत कमालीचा चर्चेत आला. गोळी कानाला चाटून जाणे आणि गोळी वर्मी लागणे यांत अंतर काही बोटांचे असते, पण त्यामुळे साम्राज्यांचे भवितव्य बदलते. थॉम यांचे सूत्र सामान्य वाचकाला समजावण्यासाठी पानिपतसारखे दुसरे उदाहरण मराठीत शोधूनही सापडणार नाही.

दुसरा आधार पुंजवादाचा. इलेक्ट्रॉन नेमका कोठे सापडेल हे आधी निश्चित सांगता येत नाही, केवळ शक्यता सांगता येतात. यापैकी प्रत्येक शक्यता कोणत्या ना कोणत्या विश्वात प्रत्यक्षात येत असली पाहिजे, असा विचार अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली मांडला होता. नारळीकरांनी या दोन कल्पना एकत्र गुंफल्या. अर्थात इतिहासातील घटना इलेक्ट्रॉनसारख्या वागतात, असे विज्ञान म्हणत नाही. येथून पुढे कल्पनेचे राज्य सुरू होते. मात्र कोणती कल्पना हाताशी होती, हे लेखकाचा काळ आणि त्याचा व्यवसाय ठरवतो. हीच कथा शंभर वर्षे आधी लिहिली गेली असती, तर गंगाधरपंत स्वप्नातून किंवा एखाद्या सिद्धपुरुषाच्या कृपेने दुसऱ्या जगात गेले असते.

चार नगरांतील लेखक

नारळीकरांच्या आत्मचरित्राचे नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’ असे आहे. या ग्रंथाला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. त्यांच्या विज्ञानकथांतही या चारही नगरांच्या खुणा दिसतात.

जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, तर आई सुमती नारळीकर संस्कृतच्या जाणकार. घरात एकीकडे सापेक्षता सिद्धांत आणि दुसरीकडे संस्कृत वाङ्मय, असा हा संस्कार. पुढे त्यांच्या पुस्तकांची आणि कथांची शीर्षके ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासूर’, ‘पुत्रवती भव’ अशी झाली. अद्ययावत खगोलशास्त्र सांगणाऱ्या कथेचे नाव पुराणातून आले की मराठी वाचकाला ती परकी वाटत नाही.

केंब्रिजमध्ये त्यांना फ्रेड हॉईल हे गुरू लाभले. १९६४ साली गुरुशिष्यांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगभर गाजला आणि १९६५ साली भारत सरकारने ‘पद्मभूषण’ देऊन या तरुण शास्त्रज्ञाचा गौरव केला. हॉईल स्वतः विज्ञानकथा लिहीत. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ ची. आकाशातून येणारे संकट आणि ते हाताळताना उघडे पडणारे राजकारणी हा तिचा विषय. संशोधकाने ललित लिहिण्यात कमीपणा नाही, हा धडा नारळीकरांना गुरूच्याच घरी मिळाला, असे म्हणता येईल.

१९७२ साली ते मायदेशी परतले आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात ‘आयुका’ची उभारणी सुरू होईपर्यंत त्यांचे वास्तव्य दक्षिण मुंबईतच होते. कथेतील गंगाधरपंत मुंबईत ज्या भागात हिंडतात तो व्ही. टी., हॉर्नबी रोड म्हणजेच आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, टाऊन हॉल आणि आझाद मैदान हा सारा परिसर कुलाब्यापासून जवळचा. १८३३ साली पूर्ण झालेला टाऊन हॉल आणि १८८८ साली बांधून पूर्ण झालेले व्ही. टी. या दोन वास्तू पाहताना ब्रिटिश येथून गेले नसते तर हे शहर कसे दिसले असते, याची कल्पना करायला फारसे कष्ट पडत नाहीत. कथेने नव्या इमारती फारशा उभारल्या नाहीत, जुन्यांवरच्या पाट्या तेवढ्या बदलल्या.

रिकामी खुर्ची

अध्यक्षांच्या खुर्चीचा प्रसंग हा या कथेतील सर्वांत मराठी प्रसंग होय. व्याख्यानमाला ही महाराष्ट्राची जुनी संस्था. मुंबईत गिरगावच्या ब्राह्मण सभेपासून दादरच्या सभागृहांपर्यंत वक्ता, प्रास्ताविक, परिचय, आभार आणि या सर्वांवर अध्यक्ष, असा व्याख्यानांचा साचा पिढ्यान्पिढ्या चालत आला. अध्यक्षीय समारोप मूळ व्याख्यानाइतकाच लांबल्याचा अनुभव बहुतेक श्रोत्यांच्या गाठीशी असतो. गंगाधरपंतांनी इतक्या सभांचे अध्यक्षपद भूषवलेले आहे, की त्यांचे पुढचे अध्यक्षीय भाषण हजारावे ठरणार होते. स्वतः नारळीकरांना तरुणपणापासून अशी असंख्य आमंत्रणे येत असणार. त्यामुळे या विनोदाला अनुभवाची धार आहे.

पण हा विनोदही कथेच्या विचाराशी जोडलेला आहे. त्या दुसऱ्या महाराष्ट्राने अठराव्या शतकात लढाई जिंकली आणि आपला आत्मसन्मान राखला. तेथील श्रोत्यांना वक्त्याच्या डोक्यावर अध्यक्ष नको आहे. आपल्याकडे मानाची खुर्ची इतकी महत्त्वाची का ठरली, असा प्रश्न लेखक हसत हसत विचारतो. पानिपतचा पराभव मराठी भाषेत ‘पानिपत होणे’ असा वाक्प्रचार होऊन बसला आहे. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पराभवाची ही सल नसती, तर कथेला वाचकाच्या मनात आयती जागा मिळाली नसती.

कथेतील मुंबईच्या मालकीचा प्रश्नही असाच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरहून अधिक हुतात्म्यांचे बलिदान झाले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. कथेतील गंगाधरपंत फिरतात त्या रस्त्यांच्या अगदी जवळ हुतात्मा चौक आहे. मुंबई आपल्या देशात असूनही दुसऱ्याच्या ताब्यात, ही कल्पना त्या पिढीच्या मराठी वाचकाला निव्वळ कल्पना वाटली नसेल. लेखकाने हा संदर्भ मनात धरूनच लिहिले, असा दावा करण्याचे कारण नाही. पण कथेचा अर्थ वाचकाच्या आठवणींतूनही घडतो, हे लक्षात घ्यावे लागते.

टोपणनाव आणि स्पर्धा

लेखक एकटा लिहितो, पण त्याला लिहायला लावणारी व्यवस्था समाजाची असते. मराठी विज्ञानकथेच्या बाबतीत या व्यवस्थेचे मोठे श्रेय मराठी विज्ञान परिषदेला जाते. १९६६ साली म. ना. गोगटे यांच्या पुढाकाराने मुंबईत स्थापन झालेल्या या परिषदेचे विज्ञान भवन आज शीव-चुनाभट्टी येथे आहे. परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली आणि १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप.

हे नाव नारळीकरांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतले होते. परीक्षकांनी नावाकडे न पाहता कथेकडे पाहावे, हा हेतू. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नी मंगला नारळीकर यांनी कथा लिहून काढली. मंगलाताई स्वतः गणिताच्या अभ्यासक होत्या. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर ‘किर्लोस्कर’सारख्या मासिकाने त्यांच्याकडून कथा मागितल्या. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. दुर्गाबाईंचे वाचन-लेखन वर्षानुवर्षे चालले ते एशियाटिकच्याच ग्रंथालयात, जेथे गंगाधरपंतही आपला हरवलेला इतिहास शोधायला जातात. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह गिरगावच्या खटाववाडीतील मौज प्रकाशन गृहाने प्रसिद्ध केला. ललित साहित्यातील एका दर्जेदार प्रकाशनाची मुद्रा लाभल्याने विज्ञानकथेची ‘मुलांसाठीचे वाचन’ ही ओळख पुसली जाण्यास मदत झाली. पुढे २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले.

मराठीत विज्ञानकथा त्याआधी नव्हती असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चांद्रसफरीचे रूपांतर येत होते. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही प्रारंभीची स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून ओळखली जाते. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरी पोहोचवला. मात्र स्पर्धा, मासिके, दिवाळी अंक, प्रकाशक आणि ग्रंथालये यांची साखळी १९७० नंतरच जुळून आली. तिच्यातूनच बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे, शुभदा गोगटे यांच्यासारख्या लेखकांची फळी उभी राहिली.

श्रद्धा, हट्ट आणि विज्ञान

लेखकाच्या सामाजिक भूमिकेचा ठसाही कथांवर उमटतो. ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू अवकाशयानाच्या साह्याने मार्गावरून हटवला जातो. पण घरच्यांना वाटते, संकट टळले ते यज्ञामुळे. वैज्ञानिकाच्या स्वतःच्याच घरात ही ओढाताण चालते, हे कथेचे मर्म. नारळीकरांनी हा प्रश्न कथेपुरता ठेवला नाही. २००८ मध्ये फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेणाऱ्या प्रयोगात त्यांच्यासह अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर सहभागी होते. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या ज्योतिषांना ओळखायला दिल्या असता अचूक उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही सुमारे ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डावे-उजवे बदलून टाकणारी भूमितीची कल्पना क्रिकेट आणि गणपती यांच्या साह्याने उलगडते. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाची सोंड उजवी आहे, हे दादर-परळच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. ‘पुत्रवती भव’मध्ये मुलगाच हवा या हट्टाला विज्ञानाचे साधन मिळाले तर काय होईल, हा प्रश्न आहे. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि देशपातळीवरील कायदा १९९४ साली आला. समाजाच्या दुखण्यावर विज्ञानकथेने बोट ठेवल्याचे हे ठळक उदाहरण.

जे कथेत आले नाही

लेखकाचे आयुष्य कथेला साहित्य पुरवते, तसेच ते कथेच्या मर्यादाही आखते. मराठी विज्ञानकथेचे बहुतेक लेखक शास्त्रज्ञ, अभियंते, प्राध्यापक आणि शिक्षित नोकरदार. त्यांच्या कथांचे नायकही प्रयोगशाळेत, विद्यापीठात किंवा कचेरीत काम करणारे.

‘यक्षांची देणगी’ प्रसिद्ध झाल्यानंतर तीन वर्षांच्या आत, १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर लालबाग, परळ, वरळी, नायगावच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत गेले आणि त्या जागी पुढे मनोरे व मॉल उभे राहिले. यंत्र, श्रम, बेकारी आणि शहराचे भविष्य हे खरे तर विज्ञानकथेचे जुने विषय. १९२० साली कारेल चापेक या चेक नाटककाराने ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला तो कामगारांविषयीच्या नाटकातूनच. तरीही मराठीतील गाजलेल्या विज्ञानकथांत गिरणगाव अभावानेच दिसते. ते दुःख वेगळ्या वाङ्मयप्रकारांनी बोलून दाखवले. नारायण सुर्वे यांची कविता, जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक आणि त्यांच्या कथा ही त्याची उदाहरणे.

हा दोष एकट्या लेखकाचा मानणे योग्य होणार नाही. स्पर्धेची जाहिरात कोणाच्या घरी वाचली जाते, विज्ञानाची परिभाषा कोणाला आत्मविश्वासाने वापरता येते, कोणाला ‘पुढच्या शतका’चा विचार करण्याइतकी उसंत मिळते, हे समाजाच्या रचनेवर अवलंबून असते. कुलाबा आणि लालबाग यांमधील अंतर काही किलोमीटरचे आहे. वाङ्मयात ते फार मोठे ठरले. गिरणी कामगारांच्या नातवंडांची पिढी आज शिकून संगणकाच्या क्षेत्रात काम करते आहे. चाळीची जागा टॉवरने घेताना तिने पाहिली आहे. ‘गिरण्या बंद पडल्या नसत्या तर?’ हा प्रश्न ‘पानिपत जिंकले असते तर?’ या प्रश्नाइतकाच सकस आहे आणि तो लिहिण्याचा अधिकार या पिढीचा आहे.

पाश्चात्त्य उदाहरणे

हे नाते मराठीपुरते मर्यादित नाही. एच. जी. वेल्स यांची आई एका सरदारी वाड्यात घरकामाची व्यवस्था पाहत असे. तेथे नोकरांच्या ये-जा करण्यासाठी जमिनीखालून भुयारी वाटा होत्या. ‘द टाइम मशीन’ या १८९५ च्या कादंबरीत वर सुखासीन लोक आणि जमिनीखाली राबणारी जमात, असे भविष्य येते. वेल्स विज्ञान शिकले ते उत्क्रांतीवादाचे खंदे पुरस्कर्ते टी. एच. हक्सले यांच्याकडे. मानववंश दोन शाखांत विभागला जाण्याची कल्पना तेथून आली आणि त्या शाखांचे चेहरे मात्र इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेने पुरवले. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ ची. प्रेताच्या स्नायूंना विजेने हालचाल येते, या प्रयोगांची चर्चा तेव्हा युरोपात जोरात होती.

वाचताना काय पाहावे?

विज्ञानकथा अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याने चार गोष्टी तपासाव्यात. कथेतील वैज्ञानिक कल्पना कोणत्या दशकात चर्चेत होती? कथेतील स्थळे लेखकाच्या परिचयाची होती काय? कथेतील विनोद किंवा भीती कोणत्या सामाजिक सवयीवर उभी आहे? आणि कोणता माणूस या कथेत कधीच दिसत नाही? पहिल्या तीन प्रश्नांतून लेखक आणि त्याचा काळ कळतो. चौथ्या प्रश्नातून समाज कळतो.

एक पथ्य मात्र पाळावे. कथेतील प्रत्येक तपशील चरित्रातून ओढून काढण्याचा मोह टाळावा. दक्षिण मुंबईत नारळीकरांइतकीच वर्षे राहिलेले आणि पुंजवाद जाणणारे इतरही अनेक जण होते. गोळी कानाजवळून जाऊ देण्याचे मात्र त्यांच्यापैकी एकालाच सुचले.